मदत हवी आहे: बीटलचं छत बुटकं आलंय
मंडळी, फोक्सवॅगन बीटल गाडीचं १/२४ मापाचं (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या भागाएवढं) मॉडेल किटमधून बनवतोय. खऱ्या गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) २४०० मिमी, म्हणजे किटमध्ये १०० मिमी हवा, तो बरोबर आलाय पण बाजूने बघितलं की छतावर कोणीतरी बसून उठल्यासारखं वाटतं, चाकं लावून उंची साधारण ६२ हवी ती व्हर्नियर कॅलिपरने मोजली तर जेमतेम ६० भरते. खिडक्यांचे खांब कापून मध्ये २ मिमीच्या स्टायरीनच्या (प्लास्टिकच्या) पट्ट्या घालायचा विचार आहे. पण पुढचे खांब तिरके ना, छत सरळ वर उचललं की वरचा तुकडा पुढे राहतो, जुळतच नाही (जुन्या बॉडीवर करून बघितलं, एक खांब मोडला 😅). कुठे कापू, वरती की मुळाशी? आणि पुढची काच आता अपुरी पडणार, जवळपास सपाटच आहे तर पारदर्शक शीटची कापली तर चालेल का? सुपरग्लू नको वाटतोय, ठिसूळ असतो.