भाचीला बायॉलॉजीच्या फिलॉसॉफीत पीएचडी करायचीय, करू द्यावी का?

सोलापुरी मामा: भाचीचं एमएस्सी झूलॉजी झालं, घरचे बीएड कर म्हणून मागं लागलेत आणि ही म्हणते बायॉलॉजीची फिलॉसॉफी, म्हणजे सायन्स कशाला म्हणायचं, प्रजाती म्हणजे काय असल्या प्रश्नांचा अभ्यास. माझं मत, जाऊ द्यावं. मायकेल रूस म्हणून कॅनडात ग्वेल्फला फिलॉसॉफीचा प्रोफेसर होता. 1981 ला अमेरिकेत आर्कान्सा राज्यानं कायदा केला की शाळेत उत्क्रांतीच्या जोडीला 'सृष्टी देवानं केली' हेपण सायन्स म्हणून शिकवा, तेव्हा कोर्टात सायन्स कशाला म्हणायचं ते सांगायला ह्याला उभं केलं आणि जानेवारी 82 ला जजनं कायदा उडवला. निकालातली सायन्सची लक्षणं बरीचशी रूसच्या साक्षीतली. आपल्याकडं 2023 ला एनसीईआरटीच्या दहावीतनं उत्क्रांती काढली, अशी माणसं नकोत का?

नवीपेठकर: मामा, साक्षीला गेला तेव्हा रूसची नोकरी पक्की होती हो, 1965 पासून तिथंच. आणि त्या निकालावर लॅरी लॉडन ह्या दुसऱ्या फिलॉसॉफरनंच टीका केली, की देवानं सृष्टी केली म्हणणाऱ्यांचे दावे तपासता येतात आणि तपासल्यावर खोटे निघालेत एवढं सांगा की, सायन्सच नाही कशाला म्हणता. म्हणजे हे दोघं भांडणार आणि पोरीनं पस्तिशीपर्यंत फेलोशिपवर दिवस काढायचे. फिलॉसॉफीवाले म्हणणार एमए कुठाय, झूलॉजीवाले म्हणणार पीएचडी आमच्यातली नाही. बसा मग.

माळरान: मलापण लॉडनचंच पटतं, पण ते सांगायला फिलॉसॉफरच लागला ना! फिलॉसॉफी कुठं लागते ते आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजलाच बघा. 1979 ला माळढोकासाठी अभयारण्य झालं, आता एखादा दिसला तरी बातमी होते. बायॉलॉजिस्ट घिसेलिन (1974) आणि फिलॉसॉफर डेव्हिड हल (1978) ह्यांचं म्हणणं असं की प्रजाती म्हणजे सारख्या दिसणाऱ्या जीवांचा गट नव्हे, ती एखाद्या माणसासारखी एकदाच जन्मते आणि एकदाच मरते. उद्या दुसरीकडं कुठं हुबेहूब तसाच पक्षी उत्क्रांत झाला तरी तो माळढोक नाही.

नवीपेठकर: माळढोक मरतो विजेच्या तारांना धडकून. सुप्रीम कोर्टानं 2021 ला तारा जमिनीखाली घाला सांगितलं, 2024 ला तो आदेश ढिला केला. ह्यात तुमचा हल कुठं आला बे?

माळरान: तारा गाडल्याच पाहिजेत, वाद नाही. पण जैसलमेरला पिंजऱ्यात पिल्लं वाढवतायत, त्यातली उद्या नान्नजला आणून सोडली तर आपला माळढोक परत आला म्हणायचं का? हलच्या हिशोबानं हो, कारण वंश तोच. मला नाही तेवढं सोपं वाटत, इथल्या माळाशी जुळलेलं त्यांचं वागणं कुठनं आणणार? आणि पैसा पिल्लांवर घालायचा की माळावर हे त्यावरच ठरतं की.

दुपारचा चहा: तुमचं चालू द्या, मामा तुम्ही आयआयटीच्या ह्युमॅनिटीज विभागांत चौकशी करा की, एमएस्सीवाल्यांना पीएचडीला घेतात का ते. आणि तोवर बाहेरून एमए फिलॉसॉफी करू दे, म्हणजे नवीपेठकरांची अर्धी तक्रार मिटली.

नवीपेठकर: अर्धी कुठं, पाव. जागा निघायला नकोत का?

सोलापुरी मामा: एमएचं बोलतो तिच्याशी. ताईनं बीएडचा फॉर्म भरलाय पण आधीच, तिला न विचारता 😅