फराळाचे ४२,६०० रुपये अडकलेत, दावा नक्की कुठल्या कोर्टात?

चकलीवाली_गिरगाव
गिरगावात घरून फराळ करून विकते. २०२४च्या दिवाळीत अंधेरीच्या एका इव्हेंटवाल्यानं १२० डबे घेतले, ४८० रुपयांना एक. बेसनलाडू, चकली, शेव, करंजी आणि चार-चार अनारसे. (एवढ्या मोठ्या ऑर्डरला मी अनारसे घेत नाही खरं तर, तुपात पडल्यावर हसतील, म्हणजे फुटून विरतील की काय याची धास्ती असते. पण त्यानं गळच घातली.) बिल ५७,६००. आगाऊ १५,००० दिले, २४ ऑक्टोबरला टेम्पोनं माल पोचवला. बाकीचे ४२,६०० आजतागायत नाहीत. जानेवारीत २० हजारांचा चेक हातावर ठेवला, "ताई, मी सांगेन तेव्हाच टाका." मी शहाणी, कपाटात ठेवून दिला.

शेजारी म्हणाले, रक्कम छोटी आहे, लघुवाद न्यायालयात जा. गेले धोबीतलावला. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "भाड्याचं आहे?" नाही. "लीव्ह अँड लायसन्स?" नाही हो, फराळाचं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. रक्कम सांगितल्यावर म्हणाल्या, "पैशाचा दावा दहा हजारांच्या वर इथे चालत नाही, सिटी सिव्हिल कोर्टात जा."

जिथे करोडोंच्या फ्लॅटची भांडणं चालतात तिथे माझे लाडू कोण ऐकणार? आणि वकिलाशिवाय जमेल का?

निवृत्त_शिरस्तेदार
बाईंनी बरोबर सांगितलं. नाव लघुवाद असलं तरी मुंबईतलं हे कोर्ट मुख्यतः घरमालक-भाडेकरूंचं. भाड्याचा किंवा लायसन्सच्या जागेचा वाद असेल तर किंमत कितीही असो, तिथेच. साध्या पैशाच्या दाव्याला मात्र दहा हजारांची मर्यादा. इकडे सिटी सिव्हिलची मर्यादा २०१२ साली एक कोटी झाली आणि जानेवारी २०२४पासून दहा कोटी. म्हणजे दहा हजार एक रुपयापासून दहा कोटींपर्यंत सगळे एकाच रांगेत. तुमचे लाडूही त्यातच.

सिटी सिव्हिलच्या फोर्टमधल्या कोर्टात मात्र जाऊ नका. तो अंधेरीत धंदा करतो, मालही अंधेरीत उतरला, म्हणजे त्याचंच गोरेगाव पूर्वेचं दिंडोशी कोर्ट.

मुदत तीन वर्षं. उधारीची तारीख ठरली नसेल तर माल पोचल्या दिवसापासून मोजायची, म्हणजे ऑक्टोबर २०२७. वेळ आहे, पण "देतो, देतो" ऐकण्यात तीन वर्षं कशी सरतात हे मी खिडकीच्या आतून पुष्कळ पाहिलंय. तोंडी आश्वासनानं मुदत वाढत नाही. मुदत संपायच्या आत त्याच्या सहीनं देणं लेखी कबूल करून घेतलंत, तर वाढते.

आता मला सांगा, माल पोचवल्याच्या चलनावर सही कोणाची आहे? आणि बिल कोणाच्या नावावर?

चकलीवाली_गिरगाव
काका, सही वॉचमनची. "मिळाले" लिहून नुसता फराटा मारलाय, वर करंजीच्या तुपाचा डाग. बिल त्याच्या इव्हेंट कंपनीच्या नावावर आहे.

ठाणेकर_१३८
चेकचं ऐकून वाईट वाटलं. चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत टाकायला हवा होता. परत आला असता तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, आणि तरीही पैसे नाही आले तर पुढच्या महिन्याभरात मॅजिस्ट्रेटकडे कलम १३८ची, म्हणजे चेक न वटल्याची तक्रार. "मी सांगेन तेव्हा टाका" हे तीन महिने खाण्यासाठीच असतं, मीही असाच खाल्लाय गोता. आता चेक पुरावा म्हणून जपा, फाडू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का? असेल तर लघुउद्योगांची थकबाकी सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाता येतं, तिथे व्याज रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि तेही चक्रवाढ.

चकलीवाली_गिरगाव
उद्यम केलं, पण डिसेंबरात. डबे गेल्यावर.

निवृत्त_शिरस्तेदार
मग नोंदणी मालाआधीची की नंतरची, यावरच पहिला वाद होईल. त्या वाटेनं आधी नको.

"कंपनी" म्हणताय, ती खरोखर नोंदलेली आहे की एकट्या माणसाचं दुकान? त्याच्या ऑर्डरवर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या साइटवर टाका, कायदेशीर नाव दिसेल. पाटीवरच्या नावावर दावा लावायचा आणि तो म्हणणार, "ही मी नव्हेच."

सहीचं तितकं मनाला लावून घेऊ नका. माल मिळाल्यावर त्यानं व्हॉट्सॲपवर काही लिहिलंय का? तेवढं सापडलं तर वॉचमनचा फराटा बाजूला राहिला. फोन मात्र बदलू नका. नुसते स्क्रीनशॉट चालत नाहीत, नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

वकिलाशिवाय स्वतः उभं राहता येतं. पण दावा ऑफिस ऑब्जेक्शनमध्ये, म्हणजे कोर्टाच्या ऑफिसनं काढलेल्या चुकांत, अडकला की कागद सुधारता सुधारता जीव मेटाकुटीला येतो. तुम्ही बाई आहात, म्हणून उत्पन्न न विचारता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तिथेच दाव्याआधीच्या लोकअदालतीचा अर्जही करा, त्याला फी नाही. तो आला आणि तडजोड झाली तर त्यावर अपील नाही. नाही आला, तर तुमचं काही गेलं नाही.

त्याआधी नोटीस पाठवा. रजिस्टर पोस्ट आता स्पीड पोस्टात गेलंय, पोचपावती मागून घ्या.

चकलीवाली_गिरगाव
सापडला मेसेज! २५ ऑक्टोबर, सकाळी ९.१०: "ताई डबे सुपर, अनारसे तर कमाल, बॅलन्स मंडेला." खाली लाडवाचा फोटोसुद्धा, अर्धा खाल्लेला. जीएसटीवर त्याचं स्वतःचंच नाव निघालं, कंपनी-बिंपनी काही नाही.

नोटीस पाठवली. आज पाकीट परत आलं, वर शेरा "घेण्यास नकार". म्हणजे वायाच गेली ना काका?

निवृत्त_शिरस्तेदार
उलट, मिळाली असंच धरतात. पत्ता बरोबर आहे ना, तेवढं बघा. आणि ताई, पाकीट फोडू नका. आहे तसं, चिकटवलेलंच ठेवा. ते कोर्टात उघडतील.