बारावी पीसीबी, मॅथ्स नाही, नीटमध्ये जमलं नाही. बायोटेकला कसं जायचं?

मानेवाडा_मुलगी

नमस्कार. यावर्षी स्टेट बोर्डातून बारावी झाली, पीसीबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, ७८ टक्के. मॅथ्स अकरावीतच सोडलं कारण तेव्हा डोक्यात फक्त एमबीबीएस होतं. नीटचा स्कोअर कमी आला, आता घरचे बीएएमएस घे म्हणून मागे लागून राहिले आणि मला ते नाही करायचं, मला बायोटेकच करायचंय.

कारण सांगते. हिंगणघाटला मामाचा कापूस आहे. २०१७ ला दिवाळीत गेलो होतो तेव्हा मामा एकेक बोंड फोडून आतली गुलाबी अळी दाखवत होता आणि सारखं एकच म्हणत होता की बीटीचं, म्हणजे अळी लागू नये म्हणून जीन टाकलेलं बियाणं लावलं तरी अळी आली कशी. कोणाजवळच उत्तर नव्हतं. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही.

सीईटी पीसीबीची दिली, ८६ पर्सेंटाइल. बीटेक बायोटेक मिळेल का? की बीएस्सी करू? एका काउन्सेलरने दुसऱ्या राज्यातल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत सीट पक्की करून देतो सांगितलं, पण फी ऐकून बाबा गप्पच झाले. प्लीज खरं काय ते सांगा.

रामदासपेठ_इंजिनियर

ताई, आधी एक गोष्ट क्लियर करून घे. इंजिनियरिंगवालं बीटेक बायोटेक महाराष्ट्रात कॅपमधून, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश प्रक्रियेतून घ्यायचं तर फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतातच, आणि सीईटीही पीसीएम ग्रुपची. पीसीबीच्या पर्सेंटाइलवर तिथे फॉर्मच चालत नाही, मग ८६ असो की ९९. आपल्या सगळ्यात जवळचं चांगलं सरकारी म्हणजे एनआयटी रायपूर, तिथे बायोटेक आहे, वारंगलला पण आहे, पण ते जेईई मेनवर आणि तिथेही मॅथ्स आहेच.

बोर्डाला गणित एकच विषय वेगळा घेऊन बसता येतं, माझ्या मित्राने केलं होतं, पण एक वर्ष जातं आणि अकरावीपासूनचं सगळं गणित एकटीने उरकावं लागतं. मॅथ्सची आवड असेल तरच कर. आवड नसताना फक्त बीटेक या नावासाठी वर्ष घालवू नको.

सीताबर्डी_सायन्स

मी बीएस्सी बायोटेक नागपुरातूनच केलं आणि आता पीएचडी करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बीएस्सीला मॅथ्स लागत नाही, बारावीच्या मार्कांवर कॉलेजची मेरिट लिस्ट लागते. हिस्लॉप, शिवाजी सायन्स, दीक्षाभूमीचं आंबेडकर कॉलेज, सगळीकडे फॉर्म भर, एकाच्या भरवशावर राहू नको. आणि ७८ टक्क्यांना घाबरायचं काही कारण नाही. बऱ्याच ठिकाणी बायोटेक विनाअनुदानित असतं म्हणून फी साध्या बीएस्सीपेक्षा जास्त लागते, ते ऑफिसात आधी विचारून घे. आणि कॉलेज बघायला जाशील तेव्हा बिल्डिंग बघू नको, लॅब बघ. पीसीआर मशीन (डीएनएच्या प्रती काढायचं) झाकून ठेवलंय की पोरं वापरून राहिली, लॅमिनार (जंतू न येऊ देणारं कामाचं कपाट) चालू आहे का, थर्ड इयरच्या मुलींना विचार की पूर्ण वर्षात स्वतःच्या हाताने किती वेळा जेल रन केलं, म्हणजे डीएनए जेलवर वेगळं करून बघितलं. माझ्या कॉलेजात पहिली दोन वर्षं आम्ही प्रॅक्टिकल नुसतं बघितलं, सर करायचे आणि आम्ही वीस जण मागे उभे. एमएस्सीला गेल्यावर पिपेट धरताना हात थरथरायचा, रडू यायचं. म्हणून सांगते.

आणि दुसरं, बीएस्सीवर थांबायचं नाही हे आजच ठरव. नुसत्या बीएस्सी बायोटेकला नोकरी म्हणजे बहुतेक क्वालिटी कंट्रोल नाहीतर सेल्स. खरा गेट एमएस्सीचा आहे. जॅम दे, त्यात बायोटेक्नॉलॉजीचा वेगळा पेपर असतो, त्यावर आयआयटीत एमएस्सी मिळते. आणि गॅट-बी दे, ती केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाची परीक्षा, त्यातून जेएनयू, बडोदा अशा ठिकाणी सीट मिळते आणि एमएस्सीला महिन्याला ५००० रुपये स्टायपेंडही. मी त्यातूनच गेले, बाबांकडे मेसचे पैसे मागावे लागले नाहीत, मला त्याचं फार वाटतं. सेकंड इयरपासून अभ्यास सुरू कर. नवीन धोरणात तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं नाहीतर चौथं वर्ष करून ऑनर्स, ते तेव्हाचं तेव्हा बघ.

यवतमाळ_पालक

बेटा, कृषीचं कोणी सांगितलंच नाही का तुला? कृषी विद्यापीठांकडेही बीटेक बायोटेक्नॉलॉजी आहे, चार वर्षांचं, आणि तिथे पीसीबीची सीईटी चालते. यवतमाळला वसंतराव नाईक कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, अकोल्याच्या पंदेकृविचं म्हणजे कृषी विद्यापीठाचं, माझी मुलगी तिथेच आहे. लातूरलाही आहे परभणी विद्यापीठाचं. कृषीची कॅप प्रोसेस इंजिनियरिंगपेक्षा वेगळी असते, तिचं रजिस्ट्रेशन वेगळं करावं लागतं, आमच्या ओळखीच्या दोन मुली ह्यातच चुकल्या. घरच्या नावाने शेती असेल तर सातबारा काढून ठेव, त्याचे प्रवेशाला जास्तीचे गुण मिळतात, पण मामाचा चालणार नाही.

फीचं म्हणशील तर २०२४ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी माफ आहे, पण कॅपमधून सीट घेतली तरच. काउन्सेलरच्या त्या सीटवर हे काहीच मिळणार नाही. बाबांना हे दाखव. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागत असेल तर नॉन क्रिमिलेयर, आजच सेतूत टाक, या दिवसांत तिथे फार गर्दी असते.

वर्धारोड_७

मी थोडं वेगळं म्हणतो. बाहेरच्या प्रायव्हेटला सरसकट वाईट म्हणू नका, काही मोठ्या युनिव्हर्सिटीत पीसीबीवाल्यांना बीटेक बायोटेक मिळतं, व्हीआयटीची एन्ट्रन्स पीसीबीवरही देता येते. पण परीक्षा न देता सीट पक्की म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आणि कर्ज काढूनच जायचं असेल तर नको, कारण बायोटेकमध्ये पगार कॉम्प्युटरवाल्यांसारखा लगेच सुरू होत नाही, हप्ता मात्र सुरू होतो.

आणि तुझ्या मामाच्या प्रश्नाचं उत्तर. मी आपल्या कापूस संशोधन केंद्रात, सीआयसीआरला, सहा महिने प्रोजेक्टवर होतो. बीटी कापूस आपल्याकडे २००२ ला आला, त्यात बॅसिलस या जिवाणूचा, अळीला विष ठरणारा एकच जीन होता, २००६ ला दोन जीनवालं आलं. गुलाबी अळी कापूस सोडून दुसरं जवळपास काही खात नाही, सगळीकडे बीटीच, कडेला साधा, बीटी नसलेला कापूस कोणी लावत नाही, वरून फरदड ठेवायची, म्हणजे हंगाम संपला तरी पीक उभंच ठेवायचं, म्हणजे तिला फेब्रुवारी-मार्चपर्यंत जेवण. पिढ्यांमागून पिढ्या त्याच विषावर जगल्या आणि ज्या वाचल्या त्यांचीच पिल्लं वाढली, दोन्ही जीन पचवायला लागल्या. मामांना सांग, बियाणं खोटं असेलच असं नाही. हे काम नागपुरातच होतं, तुझ्या मानेवाड्याहून गाडीने जाण्यासारखं, आणि नागपुरातच नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था पण आहे. कुठेही ॲडमिशन घे, पण तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिथल्या सायंटिस्टना आधीपासून मेल टाकत राहा, दहा टाकले की एकाचं उत्तर येतं.

मानेवाडा_मुलगी

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. शेवटची पोस्ट बाबांना वाचून दाखवली आणि मामाला फोन लावून दिला, तो फरदडीचं ऐकून बराच वेळ बोललाच नाही, मग म्हणाला की दोन वर्षं तर आम्हीच ठेवली होती. आमच्या नावाने शेती नाही पण आम्ही ओबीसी आहोत आणि उत्पन्न आठ लाखांच्या आतच आहे. उद्या सेतूत जातोय. कृषीचं रजिस्ट्रेशन करते आणि सोबत हिस्लॉप आणि शिवाजीचा फॉर्म पण भरते. यवतमाळवाले काका, मुलींच्या होस्टेलचं विचारायचं होतं, मेसेज केलाय.

यवतमाळ_पालक

बघितला. मुलगी संध्याकाळी फोन करते तेव्हा विचारून सांगतो.