कंपनीच्या मोडेमला आपला राउटर जोडावा का?

तिसरा_मजला:
इंटरनेट घेतलं की कंपनीचा माणूस एक डबा बसवून जातो. बाहेरून आलेला सिग्नल घेणारा मोडेम, घरातल्या उपकरणांना इंटरनेट वाटणारा राउटर, वायफाय, सगळं त्या एकाच डब्यात. माझं म्हणणं, त्याच्याकडे मोडेमचं काम तेवढं ठेवावं आणि बाकीचं सगळं स्वतःच्या राउटरवर घ्यावं. वेग वाढेल म्हणून नाही, वेग तोच राहील. मुद्दा ताब्याचा आहे.

कंपनीच्या डब्यात बहुतेकदा टीआर-०६९ नावाची सोय असते. तिच्यातून कंपनी लांबून सेटिंग बदलते, फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) चढवते. तक्रार निवारणाला ते बरं. पण वायफायचा पासवर्ड काय, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) कोणता, घरात कोणती उपकरणं जोडलेली आहेत, हेही त्याच वाटेने कळू शकतं. आणि ती वाट उघडी राहिली तर बाहेरचेही येतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं कनेक्शन कोलमडलं, ते मिराई या उपकरणं पोखरणाऱ्या घातक सॉफ्टवेअरच्या एका नव्या प्रकाराने याच सोयीच्या पोर्टवर (नेटवर्कवरच्या दारावर) मारा केल्यामुळे.

दुसरं, कंपनी बदलली तरी घरातलं काही बदलत नाही. वायफायचं नाव तेच, पासवर्ड तोच. राउटरच्या मागची एक वायर काढून दुसरी लावायची, लागत असेल तर नव्या कंपनीचं लॉगिन भरायचं, बस्स.

जुनी_तार:
अजिबात पटलं नाही. ताबा घेतला म्हणजे जबाबदारीही आली, आणि ती कोणी पाळत नाही. २०१८ मध्ये उघडकीला आलेल्या व्हीपीएनफिल्टर नावाच्या घातक सॉफ्टवेअरने निदान ५ लाख उपकरणं पोखरली होती. त्यात लिंकसिस, नेटगिअर, टीपी-लिंक असे दुकानातून विकत आणायचे राउटरही होते. कंपनीच्या डब्याला निदान कंपनी फर्मवेअर पाठवते. तुमच्या कपाटावरच्या राउटरला कोण पाठवणार?

आणि प्रत्यक्षात होतं काय, ते सांगते. लोक नवा राउटर आणतात, मोडेमच्या लॅन (घराकडच्या) पोर्टमधली वायर राउटरच्या वॅन (बाहेरच्या बाजूच्या) पोर्टमध्ये खोचतात आणि झालं म्हणतात. आता नॅट, म्हणजे घरातल्या उपकरणांचे पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे झाकणं, दोनदा होतं. दोन्ही डबे १९२.१६८.१ चेच पत्ते वाटत असले तर आणखी गोंधळ. बाहेरून आत येण्यासाठी एखादा पोर्ट उघडायचा तर दोन्हीकडे उघडा. मोडेमचं वायफाय कोणी बंद करत नाही, म्हणून प्रिंटर त्या वायफायवर, लॅपटॉप या वायफायवर, आणि लॅपटॉपला प्रिंटर सापडत नाही. मग मदत केंद्राला फोन केला की उत्तर ठरलेलं: आधी तुमचा राउटर काढा, मग बोलू.

तिसरा_मजला:
तुम्ही सांगितलेले त्रास खरे आहेत, पण ते अर्धवट जोडणीचे आहेत. मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकला की तो फक्त सिग्नल पुढे देतो, नॅट एकदाच होतं आणि बाहेरचा पत्ता थेट आपल्या राउटरला मिळतो. त्याआधी कंपनीकडून पीपीपीओईचं (लॉगिन करून जोडणी मिळवण्याच्या पद्धतीचं) युजरनेम, पासवर्ड आणि लागत असेल तर व्हीलॅनचा (एकाच वायरवरच्या वेगळ्या नेटवर्कचा) क्रमांक मागून घ्यायचा. पीपीपीओई असेल तर एमटीयू (एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट) बहुधा १५०० ऐवजी १४९२ ठेवावा लागतो, कारण ८ बाइट त्याच्या हेडरमध्ये जातात. हे चुकलं की काही साइट उघडतात, काही अडकतात, आणि दोष राउटरवर येतो.

ही माहिती देणं कंपनीची मेहेरबानी असू नये. जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून ग्राहक स्वतःचं उपकरण लावू शकतो आणि त्यासाठी लागणारी लॉगिनची माहिती कंपनीला द्यावीच लागते. हा हक्क सगळीकडे हवा.

खिडकीपाशी:
ब्रिज मोड करताना एक बघा. घरचा फोन किंवा टीव्ही त्याच डब्यातून चालत असेल तर तो बंद पडू शकतो. आधी विचारून घ्या.

जुनी_तार:
हेच म्हणतेय मी. आणि ब्रिज करूनही बाहेरचा पत्ता मिळेलच असं नाही. राउटरच्या वॅनवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला तर कंपनीकडेच सीजीनॅट आहे, म्हणजे बाहेरचा एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. घरातला कॅमेरा बाहेरून बघता यावा म्हणून एवढा खटाटोप केला असेल तर तो पाण्यात.

बहुतेकांची तक्रार एकच असते, आतल्या खोलीत रेंज नाही. त्यांनी नवं उपकरण ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे नुसतं वायफाय पसरवायला, लावावं. पत्ते मोडेमच वाटेल, नेटवर्क एकच राहील, प्रिंटरही सापडेल. आतपर्यंत वायर नेता आली तर उत्तमच. राउटर बदलण्याची गरज काय?

तिसरा_मजला:
रेंजपुरतं तुमचं बरोबर, तिथे मीही ॲक्सेस पॉइंटच सांगेन. पण टीव्ही, कॅमेरे, बल्ब वेगळ्या नेटवर्कवर ठेवायचे असतील, मुलांच्या उपकरणांना वेळ लावायची असेल, तर कंपनीच्या डब्यात ती सोय कधी असते, कधी नसते, कधी झाकून ठेवलेली असते. माझ्या घरात कोण कोणाशी बोलू शकतं, हे माझ्या राउटरने ठरवावं. आधी ब्रिज मागावा. कंपनी नाही म्हणाली तर मोडेमचं वायफाय बंद करून, दोन्हीकडचे पत्ते वेगळे ठेवून दोनदा नॅट झालं तरी चालेल. नुसतं ब्राउझिंग आणि व्हिडिओ असेल तर फरक जाणवतही नाही.

खिडकीपाशी:
आणि तंत्रज्ञाने येऊन मोडेम रीसेट केला तर?

तिसरा_मजला:
तर ब्रिज मोड जातो आणि पुन्हा करून घ्यावा लागतो. म्हणून पीपीपीओईची माहिती आणि राउटरचा पासवर्ड कागदावर लिहून घरातल्या सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवावा.

जुनी_तार:
कागदाचं मान्य. बाकी माझी अट एकच: राउटर आपोआप अपडेट होणारा हवा, आणि अपडेट किती वर्षं मिळणार हे बनवणाऱ्याने जाहीर केलेलं हवं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून हे सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. घेण्याआधी ती तारीख शोधा. ती सापडली नाही तर कंपनीचाच डबा राहू द्या.