ऑफिस आणि घर, दोन्हींसाठी एकच फोन: काय बघून घ्यावा?

प्रश्न: दोन सिम, ऑफिसचा मेल, दोन व्हॉट्सॲप खाती. कंपनीच्या हाती माझे फोटो जाऊ नयेत. काय तपासू?

प्रतिसाद १: अँड्रॉइड घेतलात तर 'वर्क प्रोफाइल' (फोनमधला ऑफिससाठीचा वेगळा कप्पा) वापरा. ऑफिसची ॲप्स बॅगेच्या चिन्हासह वेगळी दिसतात, सुट्टीत एका बटणाने बंद होतात. नोकरी सोडल्यावर कंपनी तेवढाच भाग पुसते. मात्र पहिल्या सेटअपलाच कंपनीने पूर्ण ताबा घेतला असेल, तर सगळा फोन पुसता येतो. आयटीवाल्यांना हे आधीच विचारा. दोन्हीकडे असलेली ॲप्स आपापला डेटा वेगळा ठेवतात, म्हणून १२८ जीबी लवकर भरते, २५६ घ्या.

प्रतिसाद २: सिमची खाच 'हायब्रिड' आहे का बघा. त्यात दुसरं सिम किंवा मेमरी कार्ड, यांपैकी एकच बसतं. शिवाय बहुतेक फोनमध्ये एका सिमवर बोलताना दुसरं 'संपर्क क्षेत्राबाहेर' लागतं. उपाय: 'संपर्क होत नसेल तर' या पर्यायात एकमेकांचे नंबर टाकून कॉल फॉरवर्ड करा.

प्रतिसाद ३: कॅमेऱ्याआधी सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते वाचा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ ला ७ वर्षं जाहीर झालीत. अपडेट थांबले की ऑफिसचा मेलच अडवला जाऊ शकतो. दोन व्हॉट्सॲप खाती एकाच ॲपमध्ये चालतात, क्लोन ॲप (त्याच ॲपची दुसरी प्रत) नको.