पॅलेट नाइफने (रंग लावायच्या पात्याने) जाड रंग लावताना चिखल होतो. ठाण्याच्या येऊरचा हिरवा कसा आणायचा?

ऐरोलीकर:
तेलरंग, 12×16 इंचांचा कॅनव्हास. यलो ऑकर, कॅडमियम रेड, आयव्हरी ब्लॅक, टायटॅनियम व्हाइट, एवढंच. विषय पावसाळ्यातली येऊरची टेकडी. तिसऱ्या फटक्यालाच सगळं राखाडी होतं, हिरवा मळकट येतो. आठवडा झाला तरी जाड थर आत ओलाच. लिनसीड (जवसाचं तेल) वाढवू का?

घोडबंदर_रंगपेटी:
लिनसीड अजिबात नको. जादा तेलाची वर साय धरते, आतला रंग ओलाच राहतो आणि पृष्ठभाग सुरकुततो. उलट रंग अर्धा तास जाड पुठ्ठ्यावर काढून ठेवा, थोडं तेल शोषलं जाईल. रात्रभर नको, नाहीतर सुकल्यावर रंग भुगा होऊन सुटेल.

हिरव्याचं म्हणाल तर दोष तुमच्या हाताचा नाही. हे चार रंगांचं पॅलेट (रंगसंच) स्वीडिश चित्रकार अँडर्स झॉर्न (1860–1920) यांच्या नावाने ओळखलं जातं. त्यात काळाच निळ्याचं काम करतो. माणसाच्या कातडीला झकास, पण ऑकर आणि काळ्यातून ऑलिव्हच निघणार. पावसातल्या येऊरला तो पुरत नाही. चारच ठेवा, पण बदलून: कॅडमियम यलो लाइट, अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), पांढरा. हिरवा भडक झाला की चिमूटभर सिएना. अल्ट्रामरीन आणि सिएना मिळून गडद सावली येते, काळा लागत नाही.

वाशी_नाइफ:
चिखल कॅनव्हासवर मिसळल्याने होतो. आधी पॅलेटवर उजेडाच्या क्रमाने पाच ढीग करा, प्रत्येकी सुपारीएवढा तरी. ढीग लहान असला की हात आपोआप रंग पसरवू लागतो, मग कसला इम्पॅस्टो (जाड थराचं काम)! नाइफवर भरपूर रंग घ्या, एकदा ठेवा, उचला, पातं पुसा. चुकलं तर खरवडून काढा, वरून दुरुस्ती नको. आणि सगळीकडे जाड लावू नका: सावल्या पातळ, उन्हाचे तुकडे जाड.

ऐरोलीकर:
आणि वाळायचं काय?

घोडबंदर_रंगपेटी:
तेलरंग पाणी उडून नाही, हवेतल्या ऑक्सिजनने वाळतो. 3 मिमी थराला महिने लागतात. अल्किड मिडियम (रंग लवकर वाळवणारं मिश्रण) मिसळता येईल, रंगाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा कमी. एवढा जाड थर ताणलेल्या कॅनव्हासपेक्षा गेसो (पांढरा अस्तर-लेप) लावलेल्या एमडीएफवर (लाकडी भुशाच्या कडक फळीवर) बरा, कापड हललं की तडे जातात. आणि जुलैत चित्र ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून बुरशी धरते.