डॉक्टरांपुढं गप्प बसणं म्हणजे आदर आहे का?

सांगलीची मास्तरीण
मिरजेतल्या कुठल्याही दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसा. जत, कवठेमहांकाळ, पार अथणीकडून आलेली माणसं, हातात एक्स-रेची पिशवी. शेजारणीला सगळं सांगतात. रात्री झोप नाही, गोळीनं पोट जळतं, बोटं वळत नाहीत. नंबर लागतो, आत जातात, डॉक्टर विचारतात, "कसं काय?" उत्तर येतं, "बरं हाय." आणि तीच गोळी पुढं चालू.

माझं मत स्पष्ट आहे. जुन्या दुखण्यात ही भीड माणसाला महागात पडते. सर्दी-खोकल्यात नाही बोललं तरी आठवड्यात उतार पडतो. आमवात, साखर, किडनी यांत डॉक्टर आपल्याला महिन्या-दोन महिन्यांतनं दहा मिनिटं बघणार, बाकी सगळे दिवस दुखणं आपल्या अंगावर. त्या दहा मिनिटांत सांगितलं नाही तर त्यांना कळणार कुठून?

सांगायचं कसं, यालाही महत्त्व आहे. मला रुमॅटॉइड आमवात आहे. नुसतं "दुखतंय" म्हणून भागत नाही, बाहेर रांगेतल्या सगळ्यांचंच दुखत असतं. मी सांगते: सकाळी बोटं आखडलेली असतात, मूठ मिटायला तास-दीड तास जातो. भाकरी थापता येत नाही. कुकरचं झाकण बसवता येत नाही, ओली चादर पिळता येत नाही. सांधे झिजल्यामुळं दुखत असेल तर सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासात सुटतो, आमवातात तो लांबतो. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली ही माहिती डॉक्टरांना निदानासाठी उपयोगी असते.

सुरुवातीला एका डॉक्टरांनी "वय झालं, वजन कमी करा" म्हणून चिठ्ठी लिहायला घेतली. मी म्हटलं, "साहेब, दोन्ही हातांची बोटं सारखीच सुजलीत. वजन बोटांवर कसं येईल?" त्यांनी मान वर केली, एकेक सांधा दाबून बघितला आणि अँटी-सीसीपी, म्हणजे आमवात ओळखायची रक्ततपासणी लिहिली. तो प्रश्न विचारला नसता तर सांधे वाकडे होईपर्यंत मी वजनच कमी करत बसले असते. विचारणं हा उद्धटपणा नाही. तुम्हाला काय वाटतं?

मिरजेचा फिजिशियन
ताई, अर्धं पटलं. पेशंट बोलत नाही अशी आमची तक्रार नाहीच. तो नको ते बोलतो आणि हवं ते लपवतो, ही आहे. सांधेदुखीचा माणूस येतो, चेहरा गोल झालेला, साखर चढलेली. दुसरं काही औषध घेता का? "नाही." मग बायको हळूच सांगते, बाजारच्या दिवशी एकाकडून वाताच्या पुड्या आणतात. असल्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड सापडलेलं आहे, त्यानंच चेहरा गोल होतो, साखर चढते. बाहेरून स्टिरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं तयार करणं कमी करतं. मग भीतीनं पुडी एकदम बंद केली की रक्तदाब पडतो, जिवावर बेतू शकतं. मला ही गोष्ट पहिल्या मिनिटाला कळायला हवी.

आणि मोबाइल बघून येणारे वेगळेच. "मेथोट्रेक्सेट कॅन्सरचं औषध आहे, मला का दिलं?" म्हणून आवाज चढवतात. कमी मात्रेत, आठवड्यातून एकदा, ते आमवातावरचं पहिल्या फळीचं औषध आहे. प्रत्येकाशी वाद घालत बसलो तर शेवटच्या म्हाताऱ्याची एसटी चुकते. डॉक्टरांवर हात उगारणाऱ्यांसाठी २०१० साली राज्याला कायदा करावा लागला, हेही "बोला, बोला" म्हणताना ध्यानात असू द्या.

तासगावचा औषधवाला
साहेब, मान ठेवून सांगतो, तो मेथोट्रेक्सेटचा प्रश्न मला भांडण वाटत नाही. घाबरलेला माणूस विचारतोय. आणि नेमकं ह्याच औषधात न विचारणं घातक आहे. बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या, त्यामुळं माणूस हीही रोज घेतो. तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, वेळेवर कळलं नाही तर माणूस दगावतो. मी पाकिटावर मोठ्या अक्षरात "फक्त सोमवार" लिहितो आणि घेणाऱ्याकडून वार वदवून घेतो. सोबतची फॉलिक ॲसिडची गोळी कुठल्या दिवशी, रक्त-लिव्हरची तपासणी कधी, हे पेशंटनं तुम्हाला विचारलं तर तुमचा वेळ गेला असं समजू नका.

कृष्णाकाठ
मी जुना माणूस, मला हे पटत नाही. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत दवाखाना काढला. आमच्या घरात आजोबांपासून "मिरजेला नेलं म्हणजे माणूस वाचला" असं म्हणत आलेत. तो भरवसा हेच अर्धं औषध होतं. आज शिकलेली पोरं आई-बापाला घेऊन या डॉक्टरकडून त्या डॉक्टरकडे फिरतात, प्रत्येकाला प्रश्न विचारतात आणि एकाचंही औषध पुरतं घेत नाहीत. मला साखर आहे. डॉक्टर सांगतात तेवढं खातो, देतात ती गोळी घेतो, तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी (एचबीए१सी) सातच्या आसपास आहे. एक डॉक्टर धरा आणि त्याचं ऐका.

सांगलीची मास्तरीण
काका, एक डॉक्टर धरा हे शंभर टक्के मान्य. पण ज्याला धरलं त्याच्याशीच तर बोलायचंय! तुमची साखर आटोक्यात आहे म्हणून विचारायची वेळ आली नाही. उद्या पायाला मुंग्या आल्या, तळपायाची जखम कळेनाशी झाली, तर "बरं हाय" म्हणणार का? नसा अधू झाल्या की दुखायचं थांबतं. दुखत नाही म्हणून माणूस निवांत बसतो आणि पाय सडत जातो. भरवसा आहे तिथंच मोकळं बोलता येतं, असं मला वाटतं.

जतची सून
बाई, तुम्ही मास्तरीण हाय, तुमचं ऐकतील. आमचं सांगते. मालकांचं डायलिसिस चालू हाय. चार-चार तास मशीनवर, ते रक्त साफ करतं, अंगातलं जादा पाणी वढून काढतं. उठताना पायात गोळे येतात, बीपी पडतं, घरी आल्यावर माणूस दिवसभर उठत नाही. मी तिथल्या पोराला म्हटलं, पाणी जरा कमी वढा. तर म्हणला, "जमत नसेल तर दुसरं सेंटर बघा." दुसरं सेंटर कुठं हाय आमच्याकडं? योजनेचे कागद तिथंच, एसटी तिथंच. ज्याच्या हातात सुई त्याच्याशी वाकडं कसं घ्यावं? बोला म्हणणं सोपं हाय. आमचा माणूस परवा परत त्याच खाटेवर झोपायचा असतोय.

सांगलीची मास्तरीण
वहिनी, तो पोरगा जे बोलला ते चुकीचंच होतं, आणि तुमची भीती मी उडवून लावणार नाही. पण गप्प बसून मालकांचे गोळे थांबणार नाहीत. पाणी ओढताना ते "ड्राय वेट" नावाचा आकडा धरतात, म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन. माणूस नीट जेवायला लागला, अंग भरलं, की हा आकडा वाढवावा लागतो. जुन्याच आकड्यावर ओढत राहिलं तर गोळे येतात, बीपी पडतं. त्यांचं वजन वाढलंय का? सेंटरवर वाद घालू नका. किडनीच्या मोठ्या डॉक्टरांना एवढंच विचारा, "ड्राय वेट परत बघता का?" त्यात कुणावर आरोप नाही.

आणि कागद मागायला घाबरू नका. पेशंटनं मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं, असं डॉक्टरांच्या २००२च्या नियमावलीत आहे. रुग्णहक्कांची सनद खासगी दवाखान्यानं भिंतीवर लावायची, हा २०२१पासून आपल्या राज्याचा नियम आहे.

कृष्णाकाठ
भिंतीवरची सनद वाचून दाखवली तर दुसऱ्या दिवशी त्या वहिनींना कोण विचारणार?

मिरजेचा फिजिशियन
काका, इथं तुमचं खरं आहे. नियम आहे, पण सेंटरमध्ये एकट्या बाईनं तो काढून दाखवणं अवघड आहे. वहिनी, ड्राय वेटचं मास्तरीणबाईंनी बरोबर सांगितलं. आणखी एक करा. डायलिसिसच्या आधीचं वजन, नंतरचं वजन, किती पाणी काढलं आणि बीपी, हे प्रत्येक वेळी त्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं. त्याचा मोबाइलवर फोटो काढत जा. गोळे आले त्या दिवशी फोटोवर खूण करा. बीपीची गोळी डायलिसिसच्या सकाळी घेतात का, तेही डॉक्टरांना सांगा, त्यानंही मशीनवर बीपी पडू शकतं. मात्र स्वतःच्या मनानं गोळी बंद करू नका. असे पाच-सहा फोटो समोर आले तर मला पेशंटच्या तोंडून एक शब्द ऐकायची गरज पडत नाही.

जतची सून
बीपीची गोळी सकाळीच घेत्यात, चहाबरोबर. हे कुणी विचारलंच नव्हतं. फोटू पोरगा काढून देईल. सेंटरमध्ये मी बोलणार नाही, ते मी ठरवलंय. मोठ्या डॉक्टरला मात्र दाखवते, गोळीचं पण विचारते.